तिघांच्या फोटोतली चौथी

२ सप्टेंबर

आज शेवटी अप्पांना विचारलंच. कॉफी त्यांच्यापुढे ठेवली आणि एका दमात बोलून टाकलं, "अप्पा, परदेशचं सगळं काम मी बघते. नैरोबीवाल्यांशी रोज मी बोलते. मला डायरेक्टर कधी करणार?"

अप्पा कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतायला लागले. ती थंडगार झाली तरी ओतणं सुरूच. मग नेहमीच्या लाडाने मला म्हणाले, "अम्मिणी, आधी ते फोटोंचं उरक. मग बोलू."

फोटोंचं म्हणजे असं. नैरोबीची कंपनी आमच्या कोइंबतूरच्या कारखान्याकडून मोठ्या प्रमाणावर पंप घेण्याच्या विचारात आहे. तिथल्या वांजिरूबाईंनी लिहिलंय, तुमची माहितीपुस्तिका पाठवा. कंपनी कोण चालवतं त्यांचे चेहरे हवेत, पंप बनतात ती जागा हवी. भाड्याच्या माणसांना पिवळ्या टोप्या घालून हसवलेले फोटो बघून कंटाळलोय, तसले नकोत. आमच्याकडची पुस्तिका इतकी जुनी की तीत अप्पांच्या मिशा काळ्या आहेत.

सेंदिल अण्णा डायरेक्टर आहे, ठीक, थोरला आहे. पण कदिर? माझ्याहून धाकटा. पंपात पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघतं हे अजून त्याला विचारून बघावं. लग्न झालं त्याच महिन्यात त्याला डायरेक्टर केला. आणि मी 'ऑफिसात असते'. अम्मा पाहुण्यांना असंच सांगते.

फोटोग्राफर मी निवडायचा आहे. असा निवडते की सगळे बघत राहतील.

५ सप्टेंबर

डोकं भणभणतंय. तीन जणांना बोलावलं होतं.

पहिला गुणशेखरन. हा अण्णीचा, म्हणजे सेंदिल अण्णाच्या बायकोचा, सख्खा भाऊ. त्याचा गांधीपुरमला लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. ऑफिसात ड्रोन घेऊन आला! म्हणे, "मलर अक्का, अप्पांना ढगांतून हळूच खाली येताना दाखवतो, हातात पंप." मी म्हटलं, "गुणा, अप्पा अजून जिवंत आहेत रे." अण्णीला ते लागलं. जेवताना मला रस्सम वाढलं नाही.

दुसरे बेंगळुरूचे. सगळे काळ्या सदऱ्यांत, मयतीला आल्यासारखे. पडद्यावर तासभर चित्रं दाखवली. मग फौंड्री बघितली आणि त्यांच्यातला मुख्य नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मॅडम, तुमचे कामगार फार दमलेले दिसतात. आम्ही आमची माणसं आणू." अरे बाबा, भट्टीपुढे एक पाळी उभा राहा, मग तुझा चेहरा बघू.

तिसरी फिलोमिना. पन्नाशीची, मूळची तूतुकुडीची, पूर्वी वर्तमानपत्रात होती. सुती साडी आणि पायात पळायचे बूट. कॅमेरा आणलाच नव्हता! "आधी बघते. कोण कुठे उभं राहतं ते कळल्याशिवाय काय डोंबल काढू?" म्हणाली आणि दिवसभर एका खोक्यावर बसून राहिली. जाताना मला विचारते, "इथे कुणाचं काही अडलं की सगळे तुमच्याकडे का पळत येतात?"

"मी ऑफिसात असते ना," मी म्हटलं.

ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

९ सप्टेंबर

कुणाला घ्यावं? अण्णीच्या भावाला नाही म्हटलं तर घरात राहणं मुश्कील. बेंगळुरूवाल्यांना घेतलं तर वांजिरूबाईंनी जे नको म्हटलं तेच पाठवल्यासारखं. फिलोमिनावर विश्वास ठेवावा तर तिने काढलेला एकही फोटो मी पाहिला नाही. चुकले तर अण्णा जन्मभर बोलून दाखवेल आणि डायरेक्टरकीचं नावच नको.

ठरवलं. तिघांनीही एकाच माणसाचा फोटो काढायचा. भट्टीवरच्या रंगनचा.

१४ सप्टेंबर

तिन्ही फोटो आज जेवणाच्या टेबलावर मांडले आणि रंगनची बायको पळनियम्मा हिला बोलावून घेतलं. ती आमच्याकडेच पंप खोक्यात भरते.

गुणाने रंगनला दुधासारखा गोरा केलाय. तोंडावरचे देवीचे व्रण गायब. मागे धबधबा. पळनियम्माने फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे कोण? आमदार का?"

बेंगळुरूवाल्यांचा रंगन कोऱ्या निळ्या टोपीत, हाताची घडी घालून बत्तिशी दाखवतोय. पळनियम्मा म्हणाली, "यांची दाढ दुखत होती त्या दिवशी. आणि ती माणसं हसा, हसा म्हणून मागे लागलेली."

फिलोमिनाच्या फोटोत तो टॉवेलने मान पुसतोय आणि भट्टीच्या तोंडाकडे असा बघतोय, जसं दावं तोडून आलेल्या वासराकडे बघावं. पळनियम्माने पदराने फोटोवरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच, आणि म्हणाली, "हा घरी नेऊ?"

अण्णा म्हणाला, "बाई माणूस फौंड्रीत कॅमेरा घेऊन फिरणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "पळनियम्मा रोज डबा घेऊन जाते तेव्हा लोक काय म्हणतात?" अप्पा रंगनच्या फोटोकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हिलाच घ्या."

जिंकले! टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. अण्णी तोंड पाडून बसेल असं वाटलेलं, पण नाही. उलट संध्याकाळी टेप घेऊन आली. "मलर, तुझी उंची किती गं? चुडीदार शिवायचाय तुला." अण्णी माझ्यासाठी चुडीदार शिवणार! मीच उगीच तिच्याबद्दल वाईट विचार करते.

२२ सप्टेंबर

फिलोमिना फोटो काढते, पण माणसं बेसावध असताना. आणि दाखवत तर एकही नाही. अण्णा येताजाता टोमणे मारतो, "काय गं, तुझी बाई फोटो काढतेय की हेरगिरी?" वांजिरूबाईंची आठवण करून देणारी मेल आली. रात्री झोप लागत नाही, सारखं वाटतं गुणाला दिलं असतं तर निदान काहीतरी हातात आलं असतं.

घरातही सगळ्यांचं काहीतरी वेगळंच चाललंय. अम्माने कपाटातून माझी पत्रिका काढली. शनीची शांत करायची म्हणे. अम्मा आणि अण्णी एरोडला कुणाच्या तरी वास्तुशांतीला जाऊन आल्या, आज परत त्याच घरच्या वास्तुशांतीला गेल्या. एका घराची दोनदा वास्तुशांत कशी, विचारलं तर अम्मा म्हणाली, "मोठं घर आहे."

२९ सप्टेंबर

आज मी इतकी खूश आहे की अक्षर बघा कसं येतंय!

एकेकट्याचे फोटो काढायचे होते. अप्पा, अण्णा, कदिर झाले. मी दारात उभी राहून कदिरची कॉलर सरळ करत होते. आणि अप्पा आपणहून फिलोमिनाला म्हणाले, "अम्मिणीचाही एक चांगला काढा." आपणहून! मी मागितलं नव्हतं.

मला वाटलं सुती साडी बरी, कामाची वाटते. पण अम्मा घरून मरून रंगाची कांचीपुरम साडी घेऊन धावत आली, गजरा घेऊन आली, स्वतःच्या कानातले हिरे काढून मला घातले. माझी अम्मा, जिला आजवर मी काय काम करते ते धड सांगता आलं नाही, ती माझ्या डायरेक्टरच्या फोटोसाठी हिरे काढून देते!

फिलोमिनाने विचारलं, "हा कशासाठी?"

"ऑफिसातच लावायचा," अम्मा म्हणाली.

फिलोमिना कॅमेरा खाली करून माझ्याकडे बघत राहिली. मग फोटो काढला. नंतर मला म्हणते, "आता कामाचा. तुम्ही दिवसभर असता कुठे?" मी तिला पंप तपासतात त्या हौदाशी नेलं. तिथे पाण्याची पातळी दाखवणारा काटा अडकलेला आणि पोरं नुसती बघत उभी. माझं टाळकं सरकलं. कांचीपुरमचा पदर खोचला, हात घातला, कोपरापर्यंत भिजले, वर हौदावर काम करणाऱ्या मुरुगय्याला चार शब्द सुनावले. फिलोमिना तेवढ्यात काय काय काढत होती देव जाणे.

अम्माला मात्र पहिलाच फोटो हवा होता. "आत्ताच्या आत्ता फोनवर पाठवा," म्हणून फिलोमिनाच्या मागेच लागली.

४ ऑक्टोबर

एरोडहून पाहुणे आले, पंप बघायला. नवरा-बायको आणि मुलगा, निर्मलकुमार. त्यांची सूतगिरणी आहे. मी त्यांना सगळा कारखाना फिरवला. बाईंनी विचारलं, "हे काम तुला जड नाही का जात?" मी म्हटलं, "जड पंप उचलायला क्रेन आहे." मुलगा हसला, बाई नाही हसल्या. पंपाबद्दल एक प्रश्न विचारतील तर शपथ.

क्षणभर मनात शंका चमकून गेली. पण मुलगी बघायला कुणी आलं तर अम्मा शिरा आणि भजी केल्याशिवाय राहायची नाही. आज नुसती कॉफी आणि चकलीसारखे मुरुक्कु. मग बरं वाटलं. मला आता कुठल्याही गोष्टीचा संशय यायला लागलाय.

११ ऑक्टोबर

आयुध पूजा. यंत्रं बंद, सगळ्यांना चंदन-कुंकू, लेथच्या गळ्यातसुद्धा झेंडूची माळ. कंपनी चालवणाऱ्यांचा एकत्र फोटो आजच काढायचा हे अप्पांनी ठरवलं होतं, कारण दिवस चांगला आणि अप्पा नवा सदरा आजच घालतात.

फाटकाशी कोहळे फोडणं चाललेलं. अप्पा मधे खुर्चीत, एका बाजूला अण्णा, दुसरीकडे कदिर, पुढे स्टुलावर आमचा नवा पंप. फिलोमिनाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि अम्मा किंचाळली, "तिघं! अय्यो, तिघं!" खरंच की. तिघांच्या फोटोत मधला लवकर जातो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मधे अप्पा! इतके दिवस तयारी करून हे माझ्याही लक्षात आलं नाही. अप्पा खुर्चीतून असे उठले जणू खाली विंचू होता.

"सुब्बय्यांना बोलवा," अण्णा ओरडला. सुब्बय्या आमचे हिशेबनीस. ते कोहळ्यांपाशी होते, दोन्ही हात कुंकवाने लाल. "मग कोण?" "ड्रायव्हर?" "ड्रायव्हरला कसं उभं करणार?"

फिलोमिना शांतपणे म्हणाली, "मलर, या इकडे."

मी कडेला जाऊन उभी राहिले, तर म्हणाली, तिथे नाही. कदिरला अण्णाच्या पलीकडे पाठवलं आणि मला अप्पा आणि अण्णाच्या मधे उभं केलं. खुर्ची काढायला लावली, माझा हात पंपावर ठेवला. अप्पा स्वतः अर्धं पाऊल सरकले, मला जागा व्हावी म्हणून!

अप्पा, मी, अण्णा, कदिर. चौघं. हे परत लिहिते. अप्पा, मी, अण्णा, कदिर.

१९ ऑक्टोबर

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

छपाईचा नमुना आला. पाकीट मीच फोडलं. पहिल्याच पानावर तो फोटो. अप्पा, अण्णा, कदिर. मी नाही. मी होते तिथे पंप. मोठा करून चिकटवलेला.

कदिरच्या टेबलावर नेऊन आपटला. "हे काय आहे?" तो खुर्चीत वितळला. "अक्का, मला अण्णाने सांगितलं. कॉम्प्युटरवर काढून टाक म्हणाला. अम्मापण म्हणाली."

"का?"

"एरोडवाल्यांमुळे."

मग सगळं बाहेर आलं. त्या बाईंना विचारायचं होतं, मुलगी लग्नानंतर कामाला जाणार का? अम्माने शपथेवर सांगितलं, छे, ती नुसती वेळ घालवायला ऑफिसात बसते. मग पुस्तिकेत मी अप्पांच्या खांद्याला खांदा लावून कशी दिसणार? माझा तो कांचीपुरमचा फोटो केव्हाच एरोडला गेलाय. कदिरने फोनवर दाखवला. पाठवण्याआधी गुणाने मला गोरी केलंय. हनुवटीवरचा तीळसुद्धा नाही. पळनियम्माने बघितला असता तर विचारलं असतं, ही कोण?

पत्रिका. टेप. दोन-दोन वास्तुशांती. शिरा नव्हता म्हणून बरं वाटलेलं मला! इतकी मूर्ख बाई अख्ख्या कोइंबतूरमध्ये सापडायची नाही. अम्माने हिरे काढून दिले तेव्हा मी रडायच्या बेतात होते. ते आठवलं की सगळ्यात जास्त लागतं.

२० ऑक्टोबर

सकाळी नमुना घेऊन स्वयंपाकघरात गेले. अम्मा आप्पेपात्रातून पणियारम काढत होती, अण्णी चटणी वाटत होती. मी आरडाओरडा केला नाही. अण्णीपुढे पान उघडून धरलं. "बघा अण्णी, तुमचा नवरा किती छान आलाय. बरोब्बर मधे."

"मधे?" अण्णी म्हणाली. मग तिने बोटाने मोजलं. अप्पा, एक. आपला नवरा, दोन. कदिर, तीन.

मिक्सर तसाच चालू राहिला. "अत्तै! तिघं! माझ्या नवऱ्याला मधे घातलंय! कुणी केलं हे?" अम्माने तेल तसंच सोडलं, पान ओढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. मग काय, सासू-सुना दोघी कदिरवर तुटून पडल्या. तो बिचारा म्हणतो, "अहो अण्णी, मधे पंप आहे ना!" अण्णी म्हणाली, "पंपाला जीव आहे का?" सेंदिल अण्णा मला हसला असता एरवी, पण आज पणियारम हातातच राहिलं. त्यानेही मनातल्या मनात मोजलं होतं.

अण्णी मला म्हणाली, "मलर, तू परत उभी राहा बाई तिथे." हिच्याच नवऱ्याने मला पुसायला लावलं होतं!

पणियारम सगळे जळले. मी दोन खाल्ले.

२१ ऑक्टोबर

अप्पांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. फिलोमिनापण होती, खरा फोटो घेऊन.

अण्णा म्हणाला, परत काढू. फिलोमिना म्हणाली, "काढू की. पण परत तुम्ही तिघंच. चौथं माणूस आणा." अण्णी म्हणाली, "माझा गुणा उभा राहील." सुब्बय्यांना विचारलं तर त्यांनी कान धरले, "अय्या, पोरीला पुसलेल्या जागी मी नाही उभा राहणार."

अप्पा चिडले. "गुणाला उभा करू? आणि नैरोबीवाले विचारतील हा कोण, तर काय सांगू? ढगांतून पंप आणतो?"

"हिलाही विचारतीलच की, ही कोण," अण्णा म्हणाला.

अप्पा फोटोवर वाकले. खूप वेळ. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. तू खाली काय बघतेस?"

"बोल्ट ढिला होता, अप्पा. पंपाचा. हाताला लागला."

"आयुध पूजेच्या दिवशी? आपल्या नव्या पंपाचा?"

"फोटो झाल्यावर आवळला मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारता?" मी म्हटलं. "मी ऑफिसात असते ना अप्पा. वेळ घालवायला."

अप्पांनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. समोर कॉफी नव्हती, नाहीतर ओतत बसले असते. मग फिलोमिनाकडे हात केला. "तो हौदापाशी काढलेला दाखवा." म्हणजे तिने त्यांना त्याबद्दल सांगितलं होतं! त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे, केस विस्कटलेले, गजरा मानेवर लोंबतोय, आणि कांचीपुरमची पार वाट लागलीय. पोरं मात्र माझ्याकडे अशी बघतायत की आता हीच सोडवणार.

"कदिर," अप्पा म्हणाले, "चौथं नाव हिचं. त्याखाली डायरेक्टर लिही."

"अप्पा, एरोडला काय सांगायचं?" अण्णाने विचारलं.

"हा हौदापाशीचा फोटो पाठवा त्यांना. तो गोरा परत मागवा. हिला बघून यायचं तर येतील."

मी बाहेर जाऊन हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं. फिलोमिना मागून आली. मी विचारलं, "मला कडेला का नाही उभं केलंत त्या दिवशी?" ती म्हणाली, "कडेचं माणूस कात्रीने जातं. मधलं काढायचं तर खाडाखोड करावी लागते, आणि ती दिसते." आणि बूट वाजवत निघून गेली.

३० ऑक्टोबर

पुस्तिका नैरोबीला गेली. वांजिरूबाईंनी लिहिलंय, भट्टीवाल्या माणसाचा फोटो त्यांनी भिंतीवर लावलाय. रंगनला सांगितलं तर म्हणाला, "तिथे तरी दाढ दुखू नये."

एरोडहून उत्तर नाही. अम्मा माझ्याशी बोलत नाही. काल मात्र टेबलावर माझ्यासाठी पणियारम झाकून ठेवले होते, न जळलेले.

६ नोव्हेंबर

डायरेक्टरच्या कागदांना पासपोर्टचा फोटो लागतो. एकटीचा, समोर बघणारा. एवढ्यासाठी फिलोमिनाला कुठे बोलवायचं, म्हणून गुणाच्या स्टुडिओत गेले. सुती साडीत.

गुणाने काढला, कॉम्प्युटरवर घेतला, बोटं चालवली आणि अभिमानाने पडदा माझ्याकडे वळवला. दुधासारखी गोरी. तीळ नाही.

"परत काळी कर," मी म्हटलं.

"अक्का, सगळे गोरं करून मागतात."

"सही मी करणार आहे, गुणा. परत काळी कर. आणि तीळ कुठे टाकलास? तो शोध आधी."